दत्या, नऊ मिनिटं बाकी होती

तारीख नऊ, रविवार, सकाळचे साडेअकरा. ठिकाण उल्हासनगर कॅम्प एक, गोपालदास शेठचं कापडाचं दुकान, वरचा मजला. रक्कम साठ हजार रुपये, पैकी वीस हजार आगाऊ, रोख. हजर चौघे: शेठ, शेठचा मोठा मुलगा, तू आणि मी.

मी असं लिहायला लागलो की तू हसायचास. "गजू, तू लग्नाची पत्रिका लिहिलीस तरी खाली 'एकूण' लिहिशील," म्हणायचास. पण दत्या, मला त्या सकाळपासूनच सुरुवात करायला हवी. तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. पेपरवाल्यांनी तुझ्या चित्रपटांची यादी छापली, तुझा जुना फोटो छापला, 'दीपेश' या नावाखाली कंसात दत्ताराम असंही छापलं. ते सगळं बरोबर आहे. त्या सकाळचं मात्र कुणाला माहीत नाही, आणि ते माझ्याकडेच आहे.

शेठच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. हॉल घेतला होता, दुपारचं जेवण होतं, आणि जेवणाआधी तुला नाचायचं होतं.

"साईं, आमच्या हिला तुमचं ते सीढ़ीवालं गाणं लई आवडतं," शेठ म्हणाले. "थेटरात चार वेळा नेलं मी तिला. चारही वेळा तिकीट ब्लॅकमध्ये."

"मग ते पैसे ब्लॅकवाल्याला कशाला दिले शेठ, मला द्यायचे," तू म्हणालास.

"मराठी कुठे समजायचं तिला तेव्हा. पण पाय समजायचे."

तुझ्या नाचाबद्दल इतकं चांगलं मी कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही. तूही चहाचा कप उगाच फिरवत राहिलास. तेवढ्यात शेठचा मुलगा म्हणाला, "अंकल, टाइम चाळीस मिनट पकडू ना? आणि चाळीस म्हणजे चाळीस हां. मागच्या टायमाला एका आर्टिस्टला बोलावलं, बारा मिनटांत गाडीत जाऊन बसला."

तो गमतीने म्हणाला होता. तू हसलास. मला मात्र ते लागलं. मी खिशातून पेन काढलं आणि त्यांच्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: 'पूर्ण चाळीस मिनिटे. मध्ये विश्रांती नाही.' शेठ म्हणाले, "अरे लिहायचं काय त्यात, घरचं काम आहे." मी म्हणालो, "नाही शेठ, आमच्याकडे कमी भरत नाही."

विश्रांती नाही, हे कुणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं.

परतताना रिक्षात तू म्हणालास, "चाळीस जरा जास्त झालं रे गजू."

"पंधरा दिवस आहेत. बसेल. मी आहे ना मोजायला."

"तू आहेसच," तू म्हणालास, आणि बाहेर बघत बसलास. आपण दोघेही अठ्ठावन्नचे. रोज सकाळी उठताना माझा गुडघा मला वय सांगतो, तुझा तुला सांगत नसेल असं मी कसं धरलं, कोण जाणे. रिक्षावाल्याने आरशातून ओळखलं. "दादा, सीढ़ीवाले ना तुम्ही? भाडं नको, एक सेल्फी द्या." तू सेल्फी दिलीस आणि भाडंही दिलंस.

आता सरळ लिहितो. तेवीस तारखेच्या त्या कार्यक्रमात, एकतिसाव्या मिनिटाला, तू मला थांबवायला सांगितलंस. मी थांबवलं नाही. बुधवारी सकाळी तू गेलास. आणि हे मी शैलावहिनींना सांगितलं नव्हतं.

मोजणं आपल्यात कसं आलं ते आठवतं का? बारावी झाल्यावर आपण रविवारी आनंदनगरला जायचो. कारखाने तेव्हा मोजके होते, रविवारी बंद असायचे, आणि सिमेंटचा रस्ता इकडून तिकडे मोकळा. अंबरनाथमध्ये नाचायला तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. टेपरेकॉर्डरचे सेल परवडायचे नाहीत, म्हणून मी रिकाम्या पिंपावर लाकडी पट्टी आपटत एक ते आठ मोजायचो आणि तू नाचायचास. गेटवरचा वॉचमन पहिल्या रविवारी हाकलायला आला. दुसऱ्या रविवारी त्याने खुर्ची आणली.

तू आठ कधीच पुरे होऊ द्यायचा नाहीस. माझ्या तोंडून आठ निघायच्या आत तुझा पाय पडलेला असायचा. मी पट्टी थांबवायचो.

"लवकर आलास."

"नाही."

"अर्ध्या मात्रेने लवकर आलास. पुन्हा."

"आठ येणार हे मला ठाऊक आहे ना? मग उभा राहून वाट कशाला बघू?"

पुढे सिनेमात गेल्यावर नृत्य दिग्दर्शकांनी त्याच अर्ध्या मात्रेसाठी तुला शिव्या दिल्या, आणि नंतर पब्लिकने त्याच अर्ध्या मात्रेवर शिट्ट्या मारल्या. शिडीच्या गाण्यात तू पायरीवर पाय टाकतोस तेव्हा ढोलकी अजून पोचलेली नसते. लोकांना वाटतं, हा पडणार. मग ढोलकी येते आणि तू वर गेलेला असतोस. मी ते आजही चूकच म्हणतो. तू म्हणायचास, ती चूक नाही, तो मी आहे. या भांडणाला चाळीस वर्षं झाली, आणि आता एकट्याने भांडायचं तर माझ्याकडे नवीन मुद्दा नाही.

पेपरांनी तुझे चौदा चित्रपट मोजले. पंधरा आहेत. पंधरावा बारवी धरणाच्या बाजूला झाला, पूर्ण झाला, आणि डब्यातून बाहेर आला नाही. त्याचं शूटिंग मी कारखान्यात आठ दिवस रजा टाकून बघितलं होतं. पाण्याजवळच्या खडकावर तू नाचत होतास आणि भाताच्या खाचरातून आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारी तुला म्हणाली, "पोरा, इतका घाम गाळतोस त्यात दोन खाचरं लावून झाली असती." तू लगेच खाचरात उतरलास. तुझी लावलेली रोपं तिने तुझ्यादेखत उपटून पुन्हा लावली.

त्याच तारखांना तुला हिंदीतून बोलावणं आलं होतं. नायकाचा मित्र, दोन गाणी, दहा दिवसांचं काम. तू माझ्याकडे आलास, कारखान्याच्या स्टोअरच्या काउंटरवर हात टेकून उभा राहिलास आणि विचारलंस, काय करू. मी म्हणालो, बारवीवाल्यांकडून नारळ आणि अकरा रुपये घेतलेस ना, मग शब्द दिलास. विषय संपला. तू हो म्हणालास. हिंदीत दुसरा कुणी गेला, आणि पुढे तो कुठे पोचला ते सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या दिवाळीत, तुझ्या बदलापूरच्या घरी, तू फराळाची बशी हातात घेऊन सहज बोललास, "त्या हिंदी सिनेमातलं गाणं टीव्हीवर लागलं की मी चॅनल बदलतो, माहीत आहे तुला?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू इतक्या खात्रीने सांगत होतास रे."

वहिनी आतून म्हणाल्या, "चिवडा खा, जुनं काढू नका," आणि तू चिवडा खाल्लास. मला त्यावर तुझ्याशी नीट बोलायचं होतं. मी बरोबर होतो असंच मी म्हणालो असतो बहुधा. पण निदान तू चिडला असतास, आणि चिडलेला तू मला हवा आहेस.

तुझं माझ्यावर काय ऋण आहे तेही लिहून ठेवतो, कारण ते तू कुणाला सांगितलं नसणार. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मी आठ महिने घरी होतो. दुपारी बाजारात जायची लाज वाटायची. तू एक दिवस आलास आणि म्हणालास, गणपतीचे कार्यक्रम लागलेत, साउंडवाला गाणी वेडीवाकडी कापतो, त्याच्या शेजारी कुणीतरी मोजणारा पाहिजे. अशा माणसाची तुला काही गरज नव्हती. तरी प्रत्येक मंडळात तू स्टेजवरून ओळख करून द्यायचास, "हे आमचे मॅनेजर, गजाननराव, यांच्याशिवाय माझा पाय उचलत नाही." माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने वर्गात सांगितलं की माझे बाबा दीपेशचे मॅनेजर आहेत. कारखाना पुन्हा सुरू झाला तरी तिने ते बदललं नाही, आणि मीही रविवारचं ते काम सोडलं नाही.

ती कॉलरची खूणही तेव्हाचीच. दम लागला, पाय मुरगळला, पब्लिक बिघडलं, तर तू डाव्या हाताची दोन बोटं कॉलरला लावायचास. मी साउंडवाल्याला सांगायचो, शेवटच्या कडव्यावर घे. पब्लिकला कळायचं नाही. इतक्या वर्षांत तू ती खूण चार वेळा केलीस. चारही वेळा मी मान डोलावली आणि गाणं कापलं. पाचव्यांदा मी घड्याळ बघितलं.

त्या दिवशी तू छान नाचत होतास, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. शेठची बायको पहिल्या रांगेत सोफ्यावर बसली होती. शिडी आणायला हॉलवाल्यांनी परवानगी दिली नव्हती, तर तू नसलेल्या शिडीवर चढलास, आणि ती बाई वर बघायला लागली. खरंच वर, छताकडे. मग तुझा हात कॉलरला गेला. दोन बोटं. मी घड्याळात बघितलं, एकतीस. शेठचा मुलगा माझ्या समोरच्याच टेबलाशी उभा होता. मी दोन्ही हात वर करून नऊ बोटं दाखवली.

तू हसलास. मान हलवलीस, जसा काही मी विनोद केला. आणि पुढची नऊ मिनिटं नाचलास.

उतरलास तेव्हा तुझा शर्ट पाठीला चिकटला होता. ओठांवर घाम होता. तू विचारलंस, "किती?"

"चाळीस मिनिटं वीस सेकंद."

"वीस सेकंद फुकट दिलेस तू."

मग लिंबू सरबत मागितलंस, डावा खांदा चोळलास, ॲसिडिटी आहे म्हणालास. मी विचारलं नाही की खूण का केली होतीस. मला वाटलं, झालं ना पूर्ण, मग कशाला विचारायचं. बदलापूरला जाताना गाडीत तू झोपलास. मी तुझ्या घोरण्याचा फोटो काढून आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, सुपरस्टार. तो फोटो मी आता काढून टाकला आहे. पण बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये तो असणारच.

बुधवारी सकाळी दाढी करताना तू पडलास. मी पोचलो तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टर वहिनींशी बोलत होते. हृदयाचं आधीपासून असणार, म्हणाले. मग विचारलं, "मागच्या चार-पाच दिवसांत काही त्रास झाला होता का? धाप, खांदा दुखणं?"

वहिनी म्हणाल्या, "नाही हो. उलट रविवारी कार्यक्रम करून आले, इतके खुशीत होते."

मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभा होतो. डॉक्टरांनी माझ्याकडेही बघितलं. मला बोलता आलं असतं. खांद्याचं तरी सांगता आलं असतं. मी बोललो नाही.

नंतर मी त्याच डॉक्टरांना एकट्याने जाऊन भेटलो आणि विचारलं, नऊ मिनिटं आधी थांबला असता तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही, रविवारीच तपासलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. मी त्यांना 'कदाचित' म्हणजे शंभरात किती ते विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

स्मशानात दोनेकशे माणसं होती. मच्छी मार्केटमधल्या बायका आल्या होत्या. तू पिशवी घेऊन गेलास की त्या ओरडायच्या, "दीपेश आला गं, सुरमईचा भाव वाढव." त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "भाऊ, तुम्ही त्यांचे मॅनेजर ना? जपायचं ना जरा." ती सगळ्यांनाच काहीबाही म्हणत होती. मला तेवढंच ऐकू आलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गोपालदास शेठ घरी आले. मी तिथेच होतो. त्यांनी तुझ्या फोटोला हार घातला, उरलेल्या चाळीस हजारांचं पाकीट वहिनींसमोर ठेवलं, आणि खुर्चीवर बसून रडले. म्हातारा माणूस, रुमाल सापडेना.

"बहन, आमची ही रोज बोलते, काय नाचले," ते म्हणाले. "मी तर हिला बोललो, बस झालं, माणसाला थांबवा आता. जेवण थंड होत होतं. पाहुणे सगळे ताटाकडे बघत होते. चाळीस कशाला, पंचवीसमध्ये पण आम्ही खुश होतो."

वहिनींनी त्यांना पाणी दिलं. मी जमिनीकडे बघत होतो. मी विचारलं, "शेठ, तो कागद आहे का तुमच्याकडे?"

"कुठला कागद, साईं?"

त्यांना आठवतही नव्हता.

शेठ गेल्यावर वहिनींनी दार लावलं, मोबाईल घेतला आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. कुणीतरी पाठवलेली क्लिप होती. हॉल, सोफा, नसलेली शिडी.

"भावोजी, इथे बघा. ह्यांनी कॉलरला हात लावला."

मी म्हणालो, "हो."

"मग इकडे बघून हसले. तुम्ही दिसत नाही यात. तुम्ही काय दाखवलंत?"

दत्या, मी वरची तारीख बघितली; ही क्लिप त्यांच्याकडे तिसऱ्या दिवसापासून होती. अकरा दिवस त्या मला रोज चहा देत होत्या, जेवून जा म्हणत होत्या, आणि मी आपणहून सांगेन म्हणून वाट बघत होत्या. कॉलरची खूण त्यांना माहीत नसेल असं मला का वाटावं? तीस वर्षं त्या विंगेत बसल्या आहेत.

"नऊ," मी म्हणालो.

"नऊ काय?"

"मिनिटं. नऊ मिनिटं बाकी आहेत, असं दाखवलं."

त्या रडतील, ओरडतील, घरातून जा म्हणतील, या सगळ्याची मी तयारी केली होती. त्यांनी मोबाईल बंद करून टीपॉयवर ठेवला. खाली भाजीवाला ओरडत गेला. मग अगदी नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "साठ हजार ठरले होते ना? चाळीस मिनिटांचे?"

"हो."

"मग एका मिनिटाचे किती झाले?"

मला तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण कुणी विचारलं की माझ्या डोक्यात आकडा येतो, आणि आला की तो तोंडातून बाहेर पडतो.

"पंधराशे."

"आणि नवाचे?"

"साडेतेरा हजार."

वहिनींनी शेठचं पाकीट उघडलं. पाचशेच्या नोटा होत्या. त्यांनी बोटाला पाणी लावून सत्तावीस नोटा मोजल्या, मग मोजून झालेल्या पुन्हा एकदा मोजल्या, आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"हे ह्या घरात नको," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही करून घेतलेलं काम आहे, भावोजी. तुमचं तुम्ही न्या."

मी म्हणालो, वहिनी, असं नका करू. त्या म्हणाल्या, "मोजून घ्या. नंतर कमी भरले म्हणाल." आणि उठून आत गेल्या. मी पंधरा-वीस मिनिटं तसाच बसून होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पण त्या बाहेर आल्या नाहीत, आणि चहाचंही विचारलं नाही.

गोपालदास शेठकडून आलेली बाकी रक्कम चाळीस हजार रुपये. पैकी साडेसव्वीस हजार शैलावहिनींना. साडेतेरा हजार मला. मी ते मोजले आणि घेतले.